वहिनींच्या घरातली हवा

थोरल्या भावानं त्याला लहानपणीच 'मिलिग्राम' हे नाव ठेवलं होतं. चमच्यातली साखर बोटानं सपाट करून मगच कपात टाकणारा हा धाकटा भाऊ. दादा म्हणायचा, "याला किलोत बोलताच येत नाही." पुढे नोकरीही त्याला तशीच मिळाली. दादा गेला आणि या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. कामावर त्याला सगळे 'साहेब' म्हणायचे, शेजारी 'ते तिसऱ्या मजल्यावरचे' म्हणायचे. आपण मात्र त्याला मिलिग्रामच म्हणू.

त्याचं काम होतं गॅसचे मीटर नीट करायचं. कमरेला किंवा खिशाला अडकवता येतील एवढे ते मीटर. गटारात उतरणारे, रंगाच्या टाक्या धुणारे, बोगदे खणणारे लोक ते अंगावर वागवतात आणि हवेत काही वाईट असलं की मीटर ओरडतो. पण मीटर वर्षभर वापरला की त्याचं डोकं हळूहळू भरकटतं. हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग गॅस असला तर चार दाखवतो, काहीच नसलं तरी दोन दाखवतो. मग तो मिलिग्रामच्या टेबलावर येतो. तिथे भिंतीला साखळीनं बांधलेले सिलिंडर ओळीनं उभे असायचे. प्रत्येकात एकेक गॅस, अगदी ठरलेल्या प्रमाणात मिसळलेला. आधी मीटरला स्वच्छ हवा द्यायची आणि सांगायचं, हे शून्य. मग बारीक नळीनं सिलिंडरमधला गॅस सोडायचा आणि सांगायचं, हे इतकं. एवढं दोनदा नीट सांगितलं की मीटर पुन्हा वर्षभर शहाण्यासारखा वागतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण एक मेख आहे. बऱ्याच मीटरना गॅस ओळखता येत नाही. हवेत काहीतरी आहे एवढंच त्यांना कळतं. ज्या वाफेवर त्यांना शिकवलं, तिचाच आकडा ते खरा सांगतात. दुसरी वाफ आली की आकडा चुकतो, कधी दुपटीनं, कधी निम्म्यानं. म्हणून जिला मोजायचं तिच्यावरच मीटर शिकवून घ्यावा लागतो. मिलिग्राम हे काम वर्षानुवर्षं एकट्यानं करत आला होता. खोलीत पंख्याचा आवाज, गॅसची बारीक सूं आणि अधूनमधून मीटरचं ओरडणं. दिवसभरात माणसाशी बोलणं व्हायचं ते मीटर आणून देणाऱ्याशी, तेही "ठेवा इथं" आणि "परवा न्या" एवढंच.

लग्नाचं जमता जमता राहून गेलं होतं. आधी आईचं आजारपण, मग एका ठिकाणी बोलणी फिस्कटली, मग वय झालं. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. दुःख व्हायचं ते रविवारी. रविवारचा दिवस कुठे ठेवावा ते त्याला कळायचं नाही.

दादा जाऊन वर्ष होत आलं होतं तेव्हा वहिनींचा फोन आला. एरवी सणासुदीला किंवा कुणाच्या बऱ्यावाईटाला बोलणं व्हायचं, म्हणून तो जरा दचकलाच.

"भावजी, एक विचारू का? हसणार नाही ना?"

"विचारा की."

"तुमच्याकडे वास मोजायचं यंत्र आहे ना?"

वहिनी दादाच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. गेल्या काही महिन्यांपासून त्यांना घरात एक गोडसर, उग्र वास यायचा. वास आला की डोकं जड व्हायचं, मळमळायचं. त्यांनी मुलाला सांगितलं. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला होता. तो म्हणाला, "आई, बाबा गेल्यापासून तुझं मन थाऱ्यावर नाही." डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. समोरच्या बाई दारात येऊन नाक वर करून गेल्या आणि म्हणाल्या, "मला तर काही येत नाही हो."

"सगळ्यांना वाटतंय मला वेड लागलंय," वहिनी म्हणाल्या. "लागलं असेल तर तसं तरी कळू दे."

पुढच्या रविवारी मिलिग्राम गेला. बसस्टॉपवरून मागच्या गल्लीनं यायचं आणि मागच्या जिन्यानं वर चढायचं, ही त्याची जुनी वाट. बॅगेत एक मीटर होता. ऑफिसनं भंगारात काढला होता, तो त्यानं मागून घेऊन स्वतः दुरुस्त केला होता. वहिनींनी दार उघडलं. त्या वाळल्या होत्या, पण साडी नीटनेटकी, केस व्यवस्थित विंचरलेले. वेड लागलेलं नाही हे दाखवायलाच जणू त्यांनी घरही आरशासारखं लख्ख करून ठेवलं होतं.

त्यानं मीटर सुरू केला. बैठकीत शून्य. झोपायच्या खोलीत शून्य. मोरीजवळ आकडा शून्याच्या पुढं जरासा हलला आणि परत आला. पण ते मीटरचं स्वतःचंच खाकरणं असतं.

"काहीच नाही?" वहिनींचा चेहरा उतरला.

"आत्ता नाही. वास आत्ता येतोय का?"

त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले. "आत्ता तसा नाही. येतो तेव्हा येतो."

"मग पुन्हा बघू," तो म्हणाला. एका मापावर कुणी निकाल देत नाही, हे त्याच्या धंद्यातलं साधं शहाणपण. पण वहिनींना ते भलतंच गोड लागलं. एवढ्या महिन्यांत 'पुन्हा बघू' म्हणणारा तो पहिलाच माणूस होता. त्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

असे रविवार सुरू झाले. मिलिग्राम यायचा, मीटर घेऊन घरभर फिरायचा. वहिनी त्याच्या मागोमाग फिरायच्या आणि कोपरे दाखवायच्या. "इथं बघा, कपाटाच्या मागं." "त्या नळाच्या भोकाशी धरा जरा." मीटर काही दाखवायचा नाही. मग जेवण, मग दुपारचा चहा. त्यानं गळका नळ बदलला. खिडकीचा अडकणारा अडसर तासून दिला. बोलणं बहुतेक दादाचंच असायचं. दादा घोरायचा कसा, पैज लावून हरायचा कसा, घर बदलताना कपाट जिन्यात अडकलं तेव्हा कपाटालाच शिव्या कशा घातल्या. वहिनी हसल्या की त्यांना लगेच ओशाळल्यासारखं व्हायचं आणि त्या उठून कप धुवायला जायच्या.

शनिवारी संध्याकाळी मिलिग्राम शर्टाला इस्त्री करायला लागला होता. हे आपण का करतोय असं त्यानं स्वतःला विचारलं नाही. मीटर भरकटला की त्याला लगेच कळायचं. स्वतःच्या बाबतीत तो तेवढा बारीक नव्हता.

एका रविवारी निघताना पाऊस लागला, म्हणून मागच्या गल्लीऐवजी तो पुढच्या बाजूनं आडोसा धरत निघाला. वहिनींच्या फ्लॅटच्या बरोबर खाली एक दुकान होतं. दार अर्धं काचेचं. आत अंधारात प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले कोट आणि शाली टांगून ठेवल्या होत्या. दारावर लिहिलं होतं, 'ड्रायक्लीनिंग आमच्याच मशीनवर. रविवारी बंद.'

मिलिग्राम तिथंच थबकला. ड्रायक्लीनिंगला पाणी नसतं, एक द्रव असतो. तो उडतो, त्याला गोडसर वास असतो आणि त्यानं डोकं दुखतं. भिंतीतल्या पाइपांच्या कडेनं, फरशीच्या भेगांतून वर चढायला त्याला जिना लागत नाही. आणि रविवारी मशीन बंद. आपण नेमके बंद दिवशी येऊन शून्य मोजत होतो, हे त्याच्या लखकन ध्यानात आलं.

खरं तर त्यानं तिथूनच वर जायला हवं होतं. तो बसस्टॉपवर गेला. फोनवर सांगू असं मनाशी म्हणाला आणि सांगितलं नाही. पुढच्या रविवारी गेला, नेहमीसारखं घरभर फिरला आणि नेहमीसारखं म्हणाला, "आत्ता तरी काही नाही." वास सापडला की काय होणार, हे त्याला दिसत होतं. पुतण्या येणार, आईला घेऊन जाणार. तेच बरोबर होतं. आणि म्हणूनच त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या दिवशी त्यानं ताटातली भाजी तशीच ठेवली. वहिनींनी विचारलं, "भाजी बिघडलीय का?" तो म्हणाला, "नाही, चांगली आहे."

बुधवारी ऑफिसात फोन वाजला. वहिनींचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. "भावजी, मी स्वयंपाकघरात खाली बसलेय. उठता येत नाहीये. वास फार आहे आज."

"खिडक्या उघडा. नाही, तुम्ही उठू नका. समोरच्यांना हाक मारा, दाराशी जाऊन बसा. मी निघालो."

टेबलावर एक मीटर उघडा पडला होता, तो त्यानं तसाच सोडला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं. बॅगेत आपला मीटर टाकला आणि नेमकी वाफ ओळखणाऱ्या काचेच्या नळ्याही घेतल्या. त्या नळीतून हवा ओढली आणि हवेत नेमकी ती वाफ असली, की आतली पूड रंग बदलते.

वहिनी समोरच्या बाईंच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या, पाणी पीत. चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्धीवर होत्या. समोरच्या बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "आज मलाही येतोय हो वास. आज येतोय."

तो आत गेला. मोरीजवळ मीटर साडेपाचवर गेला आणि तिथेच थांबला. नळीनं रंग बदलला. वाफ तीच होती, खालचीच.

तो तसाच खाली दुकानात गेला. मालक म्हातारा होता, सोबतीला कुणी नाही. मशीनच्या बाजूलाच छोटं टेबल मांडून डबा खात बसला होता. मिलिग्राम तावातावानं काही बोलणार, तेवढ्यात बॅगेतला मीटर किंचाळायला लागला. आकडा तिसाच्या वर गेला होता. वरच्या घराच्या कितीतरी पट. मालक घास हातात धरून बघत राहिला.

"हे कशाला ओरडतंय?"

"तुमच्या मशीनमधली वाफ आहे. वर माझ्या वहिनी राहतात. त्या आज पडता पडता वाचल्या."

"वर?" म्हातारा उठून उभा राहिला. "मला कुणी सांगितलंच नाही. मला तर कसलाच वास येत नाही."

"रोज त्यातच बसलं की येत नाही."

मालकानं मशीनकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी जुनं मशीन स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं होतं. दाराचं रबर कडक झालंय हे त्याला ठाऊक होतं. त्यानं जाऊन मशीनचं बटण बंद केलं. मग डबा झाकला आणि हलक्या आवाजात विचारलं, "मी किती दिवस यात बसलोय... याचं काय होतं?"

भांडायला आलेल्या मिलिग्रामनं जाऊन दुकानाचं दार सताड उघडलं. "डॉक्टरांना दाखवा," तो म्हणाला. "काय वापरता तेही त्यांना नीट सांगा. आणि जेवायला बाहेर बसत जा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं त्याच वाफेचा सिलिंडर काढला. साडेपाच हा आकडा दुसऱ्या गॅसवर शिकवलेल्या मीटरचा होता, तो खरा नव्हता. त्यानं मीटरला शून्य दिलं, मग या वाफेचं ठरलेलं प्रमाण दिलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबला. हे काम त्यानं हजारदा केलं असेल, पण कुणासाठी करतोय हे माहीत असण्याची ही पहिलीच वेळ. संध्याकाळी वहिनींकडे येऊन मालकाला सांगून मशीन थोडा वेळ चालू करायला लावलं, वहिनींना समोरच्यांकडे बसवलं आणि पुन्हा मोजलं. तीनच्या थोडं वर. मग मशीन बंद करायला लावून, खिडक्या उघडून त्यानं वहिनींना आत बोलावलं.

"म्हणजे कमी झालं की," वहिनी म्हणाल्या.

"कमी नाही झालं. आधी मीटर फुगवून सांगत होता. हा खरा आकडा. आणि राहत्या घरात हा फार आहे."

सहा महिने वहिनींनी ज्या गोष्टीसाठी सगळ्यांशी वाद घातला, ती खरी निघाली होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीच नव्हतं.

"आज रात्री त्याचा फोन येईल," त्या म्हणाल्या. त्याचा म्हणजे मुलाचा. "तो आकडा विचारेल. त्याला सगळं आकड्यात लागतं, तुमच्यावर गेलाय." मग त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "भावजी, तुमच्या मीटरला थोडं कमी दाखवता येणार नाही का?"

"येतं," तो म्हणाला. "म्हणाल तो आकडा दाखवेल. सिलिंडरवर लिहिलेलं सोडून दुसरंच काही सांगितलं की झालं. त्याला काय कळतंय."

"मग?"

त्यानं मीटर बंद करून बाजूला ठेवला. "तुम्ही काल जमिनीवर बसला होता," तो म्हणाला. "आणि मला त्याआधीच कळलं होतं, वहिनी. त्या पावसाच्या रविवारी. मी खालचं दुकान पाहिलं होतं."

वहिनींनी मान वर केली. त्या रागावतील असं त्याला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग बोलला का नाहीत?"

"रविवार गेला असता."

खालून आता मशीनची घरघर येत नव्हती. वहिनी उठल्या आणि कपाटातून आपली बॅग काढायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मलाही शंका होती. त्या खालच्या ड्रायक्लीनिंगवाल्याचाच संशय होता. पण तुम्ही रविवारचे येत होता ना."

त्या बॅगेची धूळ पुसत राहिल्या. त्याला उठून काही मदत करावी असं वाटलं, पण तो बसूनच राहिला. त्या रात्री पुतण्याचा फोन आला तेव्हा मिलिग्रामनं खरा आकडा सांगितला आणि त्याचा अर्थही सांगितला. पुतण्या म्हणाला, "काका, मी तिला वेड्यात काढलं हो."

शनिवारी तो येऊन आईला घेऊन गेला. टॅक्सीत बसताना वहिनी म्हणाल्या, "मशीन दुरुस्त झालं की येईनच." सगळ्यांनी मान हलवली.

मशीन दुरुस्त झालं नाही. मालकानं ते काढूनच टाकलं. आता तो कपडे गोळा करून गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात धुवायला पाठवायचा. डॉक्टरांनी त्याच्या तपासण्या केल्या होत्या. काही बऱ्या आल्या, काहींसाठी पुन्हा बोलावलं होतं. मिलिग्राम महिन्याभरानं फ्लॅटमध्ये गेला, खिडक्या बंद करून दिवसभर मीटर ठेवला आणि संध्याकाळी वहिनींना फोन लावला.

"पूर्ण शून्य आहे. आता काही धोका नाही."

"हो का," वहिनी म्हणाल्या. मागे नात रडत होती, कुणीतरी भांडं आपटलं. "थांबा हं, जरा हिला घेते." त्या परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या, पण आवाजात जान होती. डोकेदुखी गेली होती. सकाळी बायकांच्या एका घोळक्यात फिरायला जायच्या. "इथं खिडकी उघडली की नुसती हवा येते बघा. कसलीच नाही."

"चांगलं आहे."

"तुम्ही या की इकडे एकदा."

"येईन."

"येईन म्हणायचं आणि यायचं नाही. दोघे भाऊ सारखेच."

त्यांचं हसू ऐकून त्याला बरं वाटलं. आणि मग फोन ठेवल्यावर त्या रिकाम्या खोलीत फार वाईट वाटलं. दोन्ही खरं होतं. यातलं कुठलंही त्याला मोजता आलं नसतं.

त्यानंतर फोन आठवड्याला एक झाला, मग पंधरवड्याला. त्यात कुणाचा दोष नव्हता. वहिनींचा दिवस भरून गेला होता आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नवीन नसायचं. फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरलं. पुतण्यानं विनवलं, "काका, किल्ली तुमच्याकडेच असू दे, भाडेकरूंना तुम्हीच दाखवा."

एका रविवारी एक नवरा-बायको सामान घेऊन आले. बायकोचे दिवस भरत आले होते. ती भिंतींना हात लावत घरभर हिंडली आणि मोरीजवळ थांबली.

"इथं आधी काहीतरी वास यायचा म्हणे," ती म्हणाली. समोरच्या बाईंनी सांगितलं असणार.

"यायचा. आता येत नाही. मी स्वतः मोजलंय."

"नक्की ना?"

"नक्की. राहा बिनधास्त."

तिच्या नवऱ्यानं किल्ली घेतली, आभार मानले आणि सामान आत ओढताना पायानं दार लोटलं. मिलिग्राम जिन्यात उभा राहिला. आत खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. ती काहीतरी म्हणाली आणि तो हसला.

तो खाली उतरला. सकाळचे जेमतेम अकरा वाजले असतील. घरची बस आली, ती त्यानं सोडली. दुसरी बस ऑफिसच्या बाजूला जाणारी होती, तिच्यात चढला.

फाटकावरचा पहारेकरी चकित झाला. "साहेब, आज सुट्टी आहे ना?"

"थोडं काम राहिलंय."

"बसा, चहा मागवतो."

"नको. लवकर उरकतो."

काम काही राहिलं नव्हतं. शुक्रवारचे सगळे मीटर तयार होऊन खोक्यात बसले होते. मिलिग्रामनं खोली उघडली, पंखा लावला आणि खुर्चीवर बसला. थोड्या वेळानं त्यानं एक खोकं उघडलं, आतला पहिला मीटर काढला आणि तो बरोबर आहे हे माहीत असूनही पुन्हा शून्यापासून तपासायला घेतला.